घड्याळ कुणाशी जुळवायचंय? क्रिस्टल, रेझोनेटर आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात मायक्रोकंट्रोलरचा छोटा बोर्ड घरी कसा जुळवायचा ते लिहिलं होतं. त्यातल्या क्लॉकच्या, म्हणजे चिपला ठोके देणाऱ्या घड्याळाच्या भागावर सगळ्यात जास्त पत्रं आली, म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे. बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: "ताई, सगळ्यात चांगलं क्रिस्टल (ठोके देणारा क्वार्ट्झचा भाग) कुठलं?" भोसरीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये कुणी हे विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करते. तुमच्या चिपचं घड्याळ कुणाशी जुळायला हवंय? कुणाशीच नाही, समोरच्या चिपशी, की भिंतीवरच्या घड्याळाशी? एवढं कळल्याशिवाय क्रिस्टलच्या दुकानात जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. खालची पत्रं वाचताना ते का, हे लक्षात येईल.

प्रश्न: मी सांगलीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. ८०५१ मायक्रोकंट्रोलरला जीएसएम (मोबाईलचं) मॉड्यूल जोडून मेसेज पाठवायचा प्रोजेक्ट आहे. पुस्तकातल्या सर्किटमध्ये ११.०५९२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल होतं. दुकानदार म्हणाले, "ते संपलंय, १२ चं घेऊन जा, काही फरक पडत नाही." एलईडी नीट लुकलुकतो, पण सिरीयलवर नुसती चित्रविचित्र अक्षरं येतात. क्रिस्टल खराब असेल का? पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे.

उत्तर: क्रिस्टल अगदी ठणठणीत आहे. ते बरोबर १२ मेगाहर्ट्झच देतंय, आणि अडचण तीच आहे.

जुना ८०५१ क्रिस्टलच्या बारा ठोक्यांत एक मशीन सायकल, म्हणजे कामाची एक पायरी, करतो. त्यामुळे ११.०५९२ ला बाराने भागलं की सेकंदाला ९,२१,६०० सायकल मिळतात. सिरीयल पोर्ट त्याला आणखी ३२ ने भागतो, म्हणजे २८,८००. आता तुला हवा आहे ९६०० चा बॉड रेट, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. २८,८०० भागिले ९६०० म्हणजे ३, बाकी शून्य. म्हणूनच पुस्तकात टायमर १ मध्ये एफडी भरायला सांगतात, कारण टायमर भरलेल्या आकड्यापासून २५६ पर्यंत मोजतो; २५६ मधून ३ गेले की २५३ उरतात, आणि तेच हेक्समध्ये (सोळा पायाच्या अंकपद्धतीत) एफडी.

हेच गणित १२ मेगाहर्ट्झवर कर. १० लाख सायकल, भागिले ३२, आले ३१,२५०. त्याला ९६०० ने भाग. ३.२५५ येतात. टायमरला सव्वातीन मोजता येत नाहीत, तो ३ च मोजतो, आणि तुझा पोर्ट ९६०० ऐवजी १०,४१७ च्या वेगाने बोलतो. साडेआठ टक्के घाई.

साडेआठ टक्के म्हणजे किती वाईट, तेही समजून घे. सिरीयलमध्ये एका अक्षराचे दहा बिट जातात: एक स्टार्ट, आठ डेटाचे, एक स्टॉप. ऐकणारी चिप स्टार्ट बिट दिसला की स्वतःच्या घड्याळाने पुढच्या प्रत्येक बिटच्या मधोमध डोकावून पाहते. दोघांचा वेग जुळत नसेल तर चूक प्रत्येक बिटला साठत जाते. स्टॉप बिटचा मध्य येतो साडेनऊ बिटांनंतर. साडेनऊ गुणिले साडेआठ टक्के म्हणजे जवळजवळ ०.८ बिट. अर्ध्या बिटच्या पलीकडे गेलं की चिप शेजारचाच बिट वाचते. तुझ्या स्क्रीनवरची अक्षरं तिथून येतात. दोन्ही बाजूंची मिळून चूक चार-साडेचार टक्क्यांच्या आत राहायला हवी. मी प्रत्येक बाजूला दोन टक्क्यांची लक्ष्मणरेषा आखते.

आता सबमिशनचं. नवीन क्रिस्टल मिळालं नाही तर बॉड रेट २४०० कर. ३१,२५० ला १३ ने भागलं की २४०४ येतात, चूक जेमतेम ०.१६ टक्के. टायमरमध्ये एफडीऐवजी एफ३ भर. मॉड्यूलला २४०० चालतं का ते त्याच्या मॅन्युअलमध्ये पाहा. चालत असेल तर कॉम्प्युटरला जोडून एटी+आयपीआर कमांडने त्याचाही वेग २४०० ला पक्का कर. मेसेज पाठवायला एवढा वेग पुष्कळ झाला.

सबमिशन झाल्यावर मात्र ११.०५९२ शोधच. हा आकडा विचित्र वाटतो, पण तो १,१५,२०० ची बरोबर ९६ पट आहे. त्याच घराण्यातली १.८४३२, ३.६८६४, ७.३७२८, १४.७४५६ आणि २२.११८४ ही क्रिस्टलंही मिळतात. ११.०५९२ घेतलं की मशीन सायकल एक मायक्रोसेकंदाची राहत नाही, १.०८५ ची होते, आणि मुलं त्याला घाबरतात. घाबरू नकोस. ५० मिलिसेकंदांत त्याच्या बरोबर ४६,०८० सायकल होतात. टायमरमध्ये ४सी०० भर आणि वीस वेळा भरून वाहू दे, चोख एक सेकंद मिळेल. वर्गात हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आणखी एक. याच आकड्याचा सिरॅमिक रेझोनेटर (क्रिस्टलचंच काम करणारा, पण कमी अचूक भाग) मिळाला तर तोही तुझ्या कामाला चालेल. त्याची चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते, दोन टक्क्यांच्या रेषेच्या खूप आत. लाखात तीन इतक्या अचूक १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलपेक्षा अर्धा टक्का चुकणारा ११.०५९२ चा रेझोनेटर तुझ्यासाठी चांगला. अचूकपणा नंतर, आधी आकडा.

प्रश्न: मी निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदार आहे. मुलाने अर्डुइनो उनो वापरून ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचं यंत्र करून दिलं. प्रोग्राममध्ये मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वापरून वेळ मोजली आहे. दिवसाला दोन-तीन मिनिटांचा फरक पडतो. आठवड्याने सगळं वेळापत्रक सरकतं. बोर्डवर १६.००० लिहिलेलं क्रिस्टल दिसतं, ते बदलून चांगल्या कंपनीचं टाकू का?

उत्तर: ते क्रिस्टल काढू नका, तुमच्या वेळेशी त्याचा संबंधच नाही. उनोच्या मूळ डिझाइनमध्ये यूएसबीजवळ जी चमकदार डबी दिसते ती यूएसबी सांभाळणाऱ्या चिपची असते. यूएसबीला फुल स्पीडवर पाव टक्क्याच्या आतलं क्लॉक लागतं, तिथे रेझोनेटर पुरत नाही. तुमचा प्रोग्राम चालवणारी एटीमेगा ३२८पी मात्र तिच्या शेजारच्या तीन टोकांच्या बारक्या सिरॅमिक रेझोनेटरवर चालते. काही नकली बोर्डांत मांडणी वेगळी असते, पण तुमचा दोन-तीन मिनिटांचा फरक रेझोनेटरकडेच बोट दाखवतो. अर्धा टक्का चूक म्हणजे दिवसाला ४३२ सेकंद, सात मिनिटांहून जास्त. तुमचा बोर्ड तर त्याहून बराच बरा वागतोय.

तिथे चांगलं क्रिस्टल बसवलं तर फरक दिवसाला दोन-तीन सेकंदांवर येईल हे खरं. पण तुमच्या शेतावर वीज पाळीने येते. वीज गेली की मिलिस शून्यावर. मग सेकंद कितीही अचूक मोजले तरी किती वाजलेत हे यंत्राला कळणार कसं? तुम्हाला बॅटरीवर चालू राहणारं वेगळं घड्याळ हवं. डीएस३२३१ चं मॉड्यूल घ्या. त्यावरच्या आयसीच्या (चिपच्या) पोटातच क्रिस्टल असतं, आणि ती स्वतःचं तापमान मोजून वेळ सुधारत राहते. शून्य ते ४० अंशांत तिची चूक दहा लाखात दोन, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. मे महिन्यात उन्हातल्या लोखंडी पेटीत पारा चाळिशीच्या वर जातो, तिथे दहा लाखात साडेतीन धरा, तरी वर्षाला दोन मिनिटांच्या आतच. आयसीवर आकड्यानंतर एम अक्षर असेल तर तो वेगळा प्रकार, त्याची हमी दहा लाखात पाचची आहे. पाणी सोडायला तोही भरपूर झाला.

एक गोष्ट कळकळीने सांगते. झेडएस-०४२ लिहिलेलं निळं मॉड्यूल सगळीकडे मिळतं. त्यात बॅटरी चार्ज करायला एक डायोड आणि २०० ओमचा रेझिस्टर दिलेला असतो, तो रिचार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी. आपण दुकानातून आणतो तो साधा सीआर२०३२, आणि तो चार्ज करायचा नसतो. पाच व्होल्टवर तसंच ठेवलं तर सेल फुगतो, फुटूही शकतो. मुलाला सांगून तो रेझिस्टर आधी काढून टाका, मगच सेल बसवा.

प्रश्न: इचलकरंजीत आमचं यंत्रमागाच्या कंट्रोल बोर्डांचं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. पिक (कापडातला एकेक आडवा धागा) मोजायचं काउंटर आम्ही स्वतः बनवतो, पीआयसी चिप आणि ४ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल. दोन शंका आहेत. क्रिस्टलला २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावायचे की ३३ चे? आणि काही महिन्यांनी क्रिस्टलचा पाय तुटून बोर्ड परत येतात, त्याला काय करावं?

उत्तर: दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करते, कारण तिच्या उत्तरात पहिली बरीचशी विरघळते. तुमचं घड्याळ कुणाशी जुळायला हवंय? पिक मागाकडून येतात, चिप फक्त त्या मोजते. सेन्सरचा पल्स चुकू नये एवढा वेग असला की झालं, वेळ एक टक्का इकडेतिकडे झाली तर मोजणीत एकही पिक कमी-जास्त होणार नाही. मग रात्रंदिवस हादरणाऱ्या मागावर उंच डबीचं क्रिस्टल दोन बारीक पायांवर उभं करायचंच कशाला? आत काचेसारख्या ठिसूळ क्वार्ट्झची पातळ चकती असते. पाय नाही तुटला तर कधी तरी ती तडकेल.

४ मेगाहर्ट्झचा तीन पायांचा सिरॅमिक रेझोनेटर लावा. बुटका असतो, हादरे सोसतो, क्रिस्टलपेक्षा लवकर सुरू होतो. मधला पाय ग्राउंडला, बाजूचे दोन चिपच्या दोन पिनांना, ते कसेही उलटसुलट चालतात. कपॅसिटर त्याच्या पोटातच असतात, बाहेर लावायचे नाहीत. कॉन्फिगरेशन बिट (चिपला क्लॉकचा प्रकार सांगणारं सेटिंग) एक्सटीवरच राहू द्या. दोन पायांचाही रेझोनेटर येतो, त्याला मात्र बाहेरून कपॅसिटर लागतात, तेव्हा पाय मोजून घ्या. क्रिस्टलच वापरायचं असेल तर बुटक्या डबीचं घ्या, बोर्डला टेकवून बसवा आणि कडेने सिलिकॉनचा थेंब द्या.

आता २२ की ३३. हे चिप ठरवत नाही, क्रिस्टल ठरवतं. कारखान्यात क्रिस्टल एका ठरावीक लोड कपॅसिटन्सवर जुळवलेलं असतं आणि तो आकडा डेटाशीटमध्ये असतो. दोन सारखे कपॅसिटर लावले की क्रिस्टलला त्यांच्या निम्मे दिसतात, शिवाय बोर्डच्या ट्रेस आणि पिनांचे मिळून पाचेक पिकोफॅरड. २२ चे लावले तर ११ अधिक ५, झाले १६. ३३ चे लावले तर साडेसोळा अधिक ५, झाले साडेएकवीस. म्हणजे क्रिस्टल १६ किंवा १८ चं असेल तर २२, आणि २० चं असेल तर ३३ जवळ बसतात. जास्त लावले की क्रिस्टल किंचित मागे पडतं, कमी लावले की किंचित पुढे, तेही लाखात काही. त्याची काळजी काउंटरवाल्याने करू नये. काळजी याची करावी की फार मोठे कपॅसिटर लावले आणि व्होल्टेज थोडं उतरलं की ऑसिलेटर सुरूच होत नाही. सकाळी वीज आल्यावर दहातला एक बोर्ड मुका राहतो, ही तक्रार मी बऱ्याच ठिकाणी ऐकली आहे आणि मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. कपॅसिटर एनपीओ जातीचे घ्या, साधे डिस्क तापमानाने बदलतात.

एकदम पन्नास-शंभर बोर्ड करणार असाल तर आधी एका बोर्डावर क्रिस्टलच्या सिरीजमध्ये रेझिस्टर घालून पाहा. क्रिस्टलच्या डेटाशीटमध्ये त्याचा ईएसआर, म्हणजे अंतर्गत रेझिस्टन्स, असतो, समजा १०० ओम. त्याच्या पाचपट, म्हणजे ५०० ओम घालूनही ऑसिलेटर दर वेळी सुरू होत असेल तर तुमच्या हाती पुरेशी गुंजाईश आहे. चाचणी सगळ्यात कमी व्होल्टेजवर करा, आणि बोर्ड गरम करूनही करा.

प्रश्न: चिपळूणजवळच्या शाळेसाठी मी आपोआप वाजणारी घंटा केली आहे. डीएस१३०७ ही घड्याळाची चिप आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्रिस्टल. उन्हाळ्यापर्यंत उत्तम चालली. जूनपासून वेळ भलतीच चुकते, कधी घड्याळ अडकूनच बसतं. हेअर ड्रायरने बोर्ड गरम केला की पुन्हा चालू.

उत्तर: ड्रायरने तुमचं निदान केलंच आहे. ओल आणि फ्लक्स, म्हणजे सोल्डरिंगला वापरतात तो चिकट पदार्थ.

तुमच्या क्रिस्टलची ही बारकी नळकांडी म्हणजे क्वार्ट्झचा छोटा चिमटा असतो, दोन टोकांचा. ३२,७६८ ला पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर १ उरतो, म्हणून सगळ्या घड्याळांत हाच आकडा. महिनोन् महिने बटणसेलवर चालायचं म्हणून हे ऑसिलेटर अगदी किरकोळ करंटवर चालवतात, आणि त्याच्या पिनांवर मेगाओममधला रेझिस्टन्स असतो. आता सोल्डरिंगनंतर पिनांमध्ये राहिलेला फ्लक्सचा थर पावसाळी हवेत पाणी ओढतो, कोकणात त्यात खाऱ्या हवेची भर. दोन पिनांमध्ये काही मेगाओमची गळती झाली तरी ऑसिलेटर मंदावतं किंवा बंद पडतं. १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलला एवढी गळती जाणवतही नाही.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घ्या, पिनांची दोन्ही बाजूंनी सफाई करा, बोर्ड पूर्ण वाळवा. "नो-क्लीन" लिहिलेला फ्लक्स असला तरी इथे धुवायचाच. मग दोन दिवस वेळ तपासा, आणि ठीक असेल तर कन्फॉर्मल कोटिंगचा (बोर्डला ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या. ओल आत ठेवून कोटिंग केलंत तर ती कायमची आत राहील. अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये हा बोर्ड घालू नका, चिमटा तुटतो.

सोबत हेही पाहा: डीएस१३०७ ला १२.५ पिकोफॅरडचंच क्रिस्टल हवं, आणि बाहेर कपॅसिटर लावायचे नाहीत, ते आत आहेत. बाजारात ६ पिकोफॅरडचंही हुबेहूब तसंच मिळतं, ते लावलं तर घड्याळ मागे पडत राहतं.

सगळं करूनही महिन्याला मिनिटाच्या आसपास फरक राहिला तर तो दोष समजू नका. या क्रिस्टलची मूळ चूकच दहा लाखात वीस, म्हणजे महिन्याला ५२ सेकंद असू शकते. वर तापमान. २५ अंशांना ते जिथे असतं त्यापेक्षा थंडीतही मागे आणि उन्हातही मागेच जातं. ४० अंशांना दिवसाला साधारण पाऊण सेकंद. शाळेच्या घंटेसाठी महिन्यातून एकदा वेळ लावणं कुणाला जड नाही. तेही नको असेल तर वर निफाडच्या उत्तरात सांगितलेली आयसी वापरा.

प्रश्न: जळगावच्या आयटीआयत शिकवतो. क्रिस्टलच्या पिनेला स्कोपचा (सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राचा) प्रोब लावला की मायक्रोकंट्रोलर थांबतो, काढला की चालतो. मुलांना काय सांगू?

उत्तर: प्रोब म्हणजेही एक कपॅसिटर, हे त्यांना दाखवायची ही छान संधी आहे. दहापट (१०एक्स) सेटिंगवरच्या प्रोबचेही दहा-पंधरा पिकोफॅरड असतात, एकपटवर शंभराच्या आसपास. तो भार नेमका चिपच्या इनपुट पिनेवर पडला की ऑसिलेटर दम तोडतं. प्रोब दहापटवर ठेवून दुसऱ्या, म्हणजे आउटपुट पिनेवर लावा. फ्रिक्वेन्सी अचूक मोजायची असेल तर क्रिस्टलला हात लावूच नका, प्रोग्रामने एखाद्या टायमरचा आउटपुट पिनेवर काढा आणि तो मोजा. ३२ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलला तर प्रोब अजिबात लावू नका.

प्रश्न: बेळगावहून लिहितो. नवी एटीमेगा ३२८पी आणली, क्रिस्टलशिवायच एलईडी चालत होता. मग फ्यूज (चिपच्या आतली सेटिंगं) बदलून एक्स्टर्नल क्रिस्टल निवडलं, आता प्रोग्रामर चिप ओळखतच नाही. चिप जळाली का?

उत्तर: नाही. कारखान्यातून ही चिप आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या ऑसिलेटरवर, आणि तेही आठने भागून १ मेगाहर्ट्झवर येते, म्हणून क्रिस्टलशिवाय चालत होती. फ्यूज बदलल्यावर ती बाहेरच्या क्लॉकची वाट पाहत थांबली आहे. क्लॉक नसेल तर ती प्रोग्रामरलाही उत्तर देत नाही. पिन ९ आणि १० वर १६ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल आणि दोन २२ चे कपॅसिटर लावा, ओळखेल. क्रिस्टलऐवजी एक्स्टर्नल क्लॉकचा फ्यूज चुकून पडला असेल तर क्रिस्टलनेही जागी होणार नाही. मग दुसऱ्या अर्डुइनोच्या पिनेवरून १ मेगाहर्ट्झचा चौकोनी सिग्नल काढून पिन ९ ला द्या, ग्राउंड एकत्र जोडा, प्रोग्रामरचा वेग कमी करा आणि फ्यूज पुन्हा लिहा.

आणि एलईडीच लावायचा असेल तर फ्यूज होते तसे परत करा. आतलं ऑसिलेटर दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकतं, पण एलईडीला, रिलेला, बटणाला त्याने काहीही फरक पडत नाही. सिरीयल जोडायची वेळ आली की क्रिस्टल आणा.